तिजोरीतली मोहरी

घरी ती 'धाकटी' आणि ऑफिसात 'एक्स्प्रेस'. तिजोऱ्या बनवणाऱ्या कंपनीत फोन घ्यायचं काम करायची. तिजोऱ्या म्हणजे बँकेतली ती अगडबंब धुडं नव्हेत. घरातल्या कपाटात मावतील अशा, दारावर आकड्यांची बटणं असलेल्या. लोक त्या हौसेनं घेतात, कुणाला दिसू नये म्हणून पाठमोरे उभे राहून नंबर लावतात, आणि चार दिवसांनी तोच नंबर विसरून डोकं खाजवत बसतात. मग तिजोरीच्या दारावर चिकटवलेला कंपनीचा फोन लावतात, आणि तो धाकटीच्या कानात वाजतो.

आता खरी मेख ऐका. प्रत्येक तिजोरीला दोन नंबर असतात. एक मालक लावतो तो. दुसरा कारखान्यातूनच येतो आणि कंपनीच्या कॉम्प्युटरात राहतो. मालकानं आपला नंबर शंभरदा बदलला तरी हा दुसरा जागच्या जागी, जावयासारखा ठाण मांडून. माहितीपत्रकात याचा चकार शब्द नव्हता. तिथं छापलं होतं, 'उघडाल फक्त तुम्ही.'

गिऱ्हाइकाला हा नंबर द्यायचा म्हणजे धाकटी त्याची अशी उलटतपासणी घ्यायची की वकिलानं शिकावं. पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा, तिजोरी कुठल्या दुकानातून घेतली ते सांगा, आणि वर गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. त्याच सकाळी तिनं एका आजोबांना साफ नकार दिला होता. त्यांना आपण पाळलेल्या पहिल्या कुत्र्याचं नाव आठवेना.

"अहो बाई, तिजोरी माझी, आत माझ्या बायकोची अंगठी, आणि घोडं अडलंय कुत्र्यावर?" आजोबा म्हणाले.

"नियम आहे काका. सगळं तुमच्याच सुरक्षिततेसाठी," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

पोलिसांना मात्र कुत्रं विचारायचं नसे. नियम त्यांच्यासाठीही होता, कोर्टाचा हुकूम हातात आल्याशिवाय नंबर द्यायचा नाही, असा. पण सुपरवायझरनं तोंडी सांगून ठेवलं होतं, "पोलिसांना ताटकळत ठेवू नका. हुकूम येईल मागाहून." तो मागाहून कधी येत नसे आणि कुणी मागतही नसे. पोलिसानं आपला बिल्ल्याचा क्रमांक सांगायचा, तिजोरीवरचा क्रमांक वाचायचा, धाकटीनं तो टाइप केला की पडद्यावर कोड हजर. मालक कोण हे बघायला आणखी एक पान उघडावं लागे. बाकीच्या मुली उघडायच्या. धाकटी नाही उघडायची. उगाच कशाला वेळ घालवा! म्हणून तर ती एक्स्प्रेस, आणि म्हणून तर उत्तम कर्मचारी म्हणून भिंतीवर फोटो लागायचा तो तिचाच.

आजोबांच्या फोनमागोमाग एका पोलिसाचा फोन आला. आवाज मोठा, घुमणारा, खोलीत चारपाच माणसं असावीत असा.

"मॅडम, एका घराची झडती चाललीय. बाई तिजोरी उघडायला तयार नाहीत. नंबर मिळेल का?"

"देते की सर. बिल्ला सांगा. आता तिजोरीवरचा क्रमांक सांगा."

त्यानं वाचला, तिनं टाइप केला आणि कोड सांगितला. पलीकडे बटणं दाबल्याचे आवाज आले, मग कुलूप सुटल्याचा खटका. "अरे वा, मॅडम, लगेच!" पोलीस म्हणाला. तेवढ्या कौतुकानंही धाकटी सुखावली. "आणखी काही मदत करू शकते का सर?" तिनं गोड आवाजात विचारलं. त्यानं नको म्हटलं आणि तिनं पुढचा फोन घेतला.

जेवायच्या सुट्टीत डबा उघडते तोच तिच्या स्वतःच्या मोबाइलवर निरोप आला. तिच्याच कंपनीचा. 'प्रिय ग्राहक, आपल्या तिजोरीचा मूळ कोड आज वापरण्यात आला आहे. सुरक्षित राहा.'

आधी तिला वाटलं, कॉम्प्युटरवाल्यांचा काहीतरी घोळ असेल. ती कुठली ग्राहक? तिच्या घरात तिजोरी ठेवायला जागा नाही आणि तिजोरीत ठेवायला काही नाही. मग घास हातातच राहिला. एक तिजोरी तिच्या नावावर होती. कर्मचाऱ्यांना सवलत मिळते म्हणून तिनं ती आपल्या नावावर घेतली होती, ताईसाठी.

ती तशीच उठून जागेवर गेली, सकाळच्या पोलिसानं सांगितलेला क्रमांक शोधला आणि जे पान उघडायला तिला कधी वेळ नसायचा ते उघडलं. मालकाच्या जागी तिचंच नाव होतं. 

सुपरवायझरला सांगितलं तर तो दात कोरत म्हणाला, "मग झालं काय? तुझ्या बहिणीनं काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला?"

"पण सर, हुकूम तर आलाच नव्हता."

"तो मागायचं काम तुझं होतं," सुपरवायझर म्हणाला. बघा, कसा हात झटकून मोकळा झाला! आणि गंमत अशी की बोलला ते खरंच होतं.

धाकटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. ताईला आधी फोन करावा असं दहादा मनात आलं, पण बोलणार काय? नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते? वाटेत तिला आठवत होतं ते तिजोरी घेतानाचं बोलणं. ताई शिवणकाम करायची, एकटी राहायची, पुढची खोली भाड्यानं दिलेली. तिनं आपणहून तिजोरी मागितली तेव्हा धाकटी हसली होती. "तुझ्याकडे आहे काय चोरण्यासारखं? दोऱ्याची रिळं?"

"असू दे माझं काहीबाही," ताई म्हणाली होती. "तू एवढंच सांग, माझ्याशिवाय ती कुणाला उघडता येणार नाही ना?"

"तुझ्याशिवाय आणि देवाशिवाय कुणाला नाही." दुसरा नंबर तिला तेव्हाही पक्का माहीत होता. रोज तेच बोलून बोलून जिभेला वळण पडलं होतं, म्हणून गिऱ्हाइकाला सांगावं तसं तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगून टाकलं.

ताईच्या पायरीवर शेजारच्या काकू उभ्या होत्या. "आलीस? बरं केलंस. तुमचा तो भाडेकरू गं, पुढच्या खोलीतला! घड्याळांच्या दुकानात होता ना, तिथली घड्याळं लांबवली म्हणे त्यानं. त्याच्यापायी सगळं घर उलटंपालटं केलं बघ. मला साक्षीला उभं केलं होतं." मग त्यांनी आवाज उतरवला. "पण तुझी ताई इतकं सोसत होती, आम्हाला पत्ताच नाही हो."

काकू कशाबद्दल बोलताहेत ते धाकटीला समजलं नाही. ती आत गेली. मधल्या खोलीत कापडांचे ढीग उसकटून पडले होते. ताई आतल्या खोलीत जमिनीवर बसून मोहरी गोळा करत होती. मोहरी सगळीकडे होती, पलंगाखाली, कपाटाच्या फटीत, उघड्या तिजोरीच्या उंबऱ्यावर. ताईनं मरणाच्या उकाड्यात शाल घट्ट लपेटली होती.

"काही सापडलं का त्यांना?" धाकटीनं विचारलं.

"घड्याळं? ती त्याच्या गादीतच निघाली. तोवर माझी तिजोरी उघडून झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"उघडली कशी पण त्यांनी?" हे विचारताना धाकटीचा आवाज अगदी साळसूद होता. तिला स्वतःलाच तो ऐकू आला आणि किळस आली.

"कंपनीनं नंबर दिला."

"कंपनीनं? असा कसा दिला? हल्ली नवीन पोरी भरल्यात ना, काडीची अक्कल नाही एकीला. मी चौकशी करते उद्या."

 ताई हाताच्या कडेनं मोहरी पुठ्ठ्यावर ओढत राहिली. तिच्याजवळ कापडाची एक गोल पिशवी पडली होती, कातडीच्या रंगाची, बारीक टाक्यांची, मधोमध कापलेली. अजून थोडी मोहरी तिच्यातून गळत होती. काहीतरी बोलायचं म्हणून धाकटीनं ती उचलली. "पिना टोचायची उशी का गं? एवढी मोठी?"

ताईनं तिच्याकडे पाहिलं. "डाव्या बाजूची आहे," ती म्हणाली.

धाकटीला तरी कळेना. मग ताईनं शालीवरून डाव्या छातीवर हात ठेवला. तिथं सपाट होतं.

"गाठ होती. सगळंच काढावं लागलं. विकत मिळतात त्या महाग, आणि घामानं टोचतात. म्हणून माझी मी शिवली. आत कापूस आणि वजनाला मोहरी, म्हणजे खांदा एका बाजूला झुकत नाही. रात्री काढून तिजोरीत ठेवते."

"कधी काढलं?"

"शिवणाच्या कोर्सला म्हणून परगावी गेले होते ना, तेव्हा."

धाकटीला तो कोर्स चांगला आठवत होता. परत आल्यावर ताईनं आपल्यासाठी काही आणलं नाही म्हणून ती फुगून बसली होती. "मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडात कधी तीळ भिजलाय?" ताई हे चिडून म्हणाली नाही, नेहमीच्या थट्टेनं म्हणाली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "मला नव्हतं कुणाला कळू द्यायचं. बायका माप द्यायला येतात, माझ्याकडे बघत उभ्या राहतात. मी पोलिसांना म्हटलं, साहेब, माझ्या बायकी वस्तू आहेत. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. एकानं पिशवी हातात दाबून बघितली, दुसऱ्याला दिली. म्हणाले, आत काहीतरी भरलंय, पावडर असेल. मग कात्री लावली. माझी कापडाची कात्री. ती मी कागदालासुद्धा लावू देत नाही."

"आणि काकू?"

"दारात उभी होती. साक्षीला. मोहरी निघाली तेव्हा तो पोरसवदा पोलीस फिदीफिदी हसला. मोठा साहेब खाली मान घालून बाहेर गेला. मी अशीच उभी होते, ती अजून लावलीच नव्हती, नुसती शाल घेऊन."

धाकटीला रडू फुटलं. आणि रडता रडता माणूस खरं बोलतो म्हणतात ते काही खरं नाही. ती म्हणाली, "ताई, ज्या मुलीनं नंबर दिला ना, तिला मी सोडणार नाही."

"पुरे गं," ताई म्हणाली. "फोन स्पीकरवर होता."

 धाकटीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. नुसता नंबर दिला असता तर चूक म्हणून खपलं असतं. पण ती तिथं बसून दोनदा खोटं बोलली होती, आणि जिच्याशी बोलली तिला सगळं माहीत होतं.  ताईकडे बघवेना म्हणून ती जमिनीवरच्या मोहरीकडे बघत राहिली.

"मग तू ओरडली का नाहीस?" शेवटी तिनं विचारलं. "एक हाक मारली असतीस तरी मी थांबले असते."

"तोंडाशी आली होती हाक. पण मग ते म्हणाले असते, ही फोनवरची तुमची बहीण का? मग बोभाटा झाला असता, तू कोर्टाचा कागदसुद्धा मागितला नाहीस म्हणून. तुझी नोकरी गेली असती. म्हटलं, जाऊ दे." ताईनं एक दाणा वेचून पुठ्ठ्यावर टाकला. "मला वाटलं, तू विचारशील, बाई का नको म्हणतात? नुसतं विचारायचंस तरी."

"मी नाव बघितलं नव्हतं, ताई. खरंच सांगते."

"दुसरीचं नाव असतं तर चाललं असतं?"

 ताईनं पुठ्ठ्यावरची मोहरी वाटीत ओतली आणि डोळ्यांवर चष्मा चढवून सुईत दोरा ओवला.

"दे, मी शिवते," धाकटी हात पुढं करून म्हणाली.

"नको. तुझे टाके घाईचे असतात."

ताईनं पिशवी भरली, कापलेली कड आत दुमडली आणि बारीक टाके घालू लागली. धाकटी गुडघ्यांवर रांगत पलंगाखालची मोहरी वेचत राहिली. तेवढंच काम तिला कुणी न सांगता करता येण्यासारखं होतं. तेवढ्यात बाहेरून एका बाईनं हाक मारली. माप द्यायला यायचं तिनं कालच ठरवलं होतं.

"बसा हं, आलेच," ताईनं तिला ओरडून सांगितलं. मग दोरा तोडून धाकटीला म्हणाली, "तू जरा बाहेर हो. मला बदलायचंय."

दोघी एका खोलीत वाढल्या होत्या. एकमेकींसमोर कपडे बदलताना पाठही फिरवली नव्हती कधी. धाकटी उठली. "मी तोंड फिरवून उभी राहते," ती म्हणाली.

"बाहेर हो," ताई म्हणाली.

ती बाहेर आली. माप द्यायला आलेली बाई कापडाची घडी मांडीवर घेऊन बसली होती, ती ओळखीचं हसली. धाकटीच्या पाठीमागं दार लागलं आणि आतून कडी सरकली.  मग आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती खुर्ची दारापर्यंत आली आणि आतून दाराला टेकली.