वाडग्यातली थरथर

शुक्रवारी दिवेलागणीला अक-तेरेक गावाचे रस्ते ओस पडत. ज्यांच्याकडे टीव्ही होता ते घरात, ज्यांच्याकडे नव्हता ते शेजाऱ्यांच्या घरात. बुरुलच्या खोलीत तर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गालिच्यावर म्हाताऱ्या, त्यांच्या मागे सुना, दाराशी टोप्या हातात घेऊन उभे राहिलेले पुरुष. टीव्हीच्या लाकडी खोक्यावर पाण्याने भरलेले वाडगे एकमेकांना चिकटवून मांडले होते. ज्यांचे वाडगे तिथे मावले नाहीत ते हिरमुसून बसले होते.

पडद्यावर रोग बरे करणारा तबीब शामशिदिन आला. पांढरा झगा, बारीक दाढी, बोटात अंगठ्या. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मी तुम्हाला बघतोय. तू, खिडकीजवळची, गुडघा धरून बसलीस ना?"

खिडकीजवळच्या उमसुन-आपाने दचकून गुडघ्यावरचा हात काढला. म्हाताऱ्या बायकांनी भरलेल्या खोलीत गुडघा धरून बसलेली एकही बाई नाही, असं कुठल्या घरात घडणार होतं? पण हे कोणाच्या मनातही आलं नाही.

"विश्वाच्या सातव्या थरातून लहर निघाली," तबीब सांगत होता. "शास्त्रज्ञ तिला जैवऊर्जा म्हणतात, आपले पूर्वज बरकत म्हणायचे. माझ्या हातातून ती पाण्यात उतरेल. ज्याचं मन शंकेने मळलंय त्याच्या पाण्यात ती उतरणार नाही. दोष माझा नाही."

पाठीमागचं संगीत चढत गेलं. तबीबाने दोन्ही हात उचलले. आणि वाडग्यांतलं पाणी थरथरलं.

झिपारने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली, काठाला जाऊन परत फिरली. तबीबाने हात खाली घेतले आणि पाणी निवळलं. खोलीतून एकच निःश्वास उमटला. कोणीतरी रडायला लागलं. झिपारच्या अंगावरही काटा आला.

तिला जास्तच धक्का बसला, कारण हा कार्यक्रम तिच्याच टीव्ही स्टेशनवरून दाखवला जात होता. शुक्रवारी ती स्टुडिओत असे, बातम्या वाचून तिथेच थांबे. तिथे वाडगा कोण ठेवणार? पाणी हलतं असं लोक सांगायचे, तेव्हा ती हसून सोडून द्यायची. आज घसा बसला म्हणून ती मोठ्या बहिणीकडे, बुरुलकडे आली होती.

बुरुल उठली. आपला वाडगा तिने दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मग कळशीतून भरून आणखी एक प्यायली, मग आणखी एक.

"एजे, किती पाणी पितेस?" झिपारने ताईला विचारलं.

"शरीर मागतंय ग," बुरुल म्हणाली. तिचे ओठ सुकून फुटले होते. "तबीब म्हणालेच होते, गुण यायला लागला की तहान वाढेल."

 बुरुलला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. "इंजेक्शन घेतेस ना?" झिपारने विचारलं.

"आधी निम्मं केलं. या आठवड्यात बंद केलं. दवाखान्यात एवढ्या मिनतवाऱ्या करून बाटल्या मिळतात. म्हटलं, आपण बऱ्या होतोय तर दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडू देत. वरच्या आळीतल्या त्या शिंपिणीला देऊन टाकल्या."

झिपार चिडून बोलली, मग विनवून बोलली. बुरुल शांतपणे म्हणाली, "तुझ्या डोळ्यांसमोर पाणी हललं. तू शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचीस ना? मग सांग, का हललं?"

 झिपारने उठून टीव्हीच्या खोक्यावर तळवा टेकवला. कार्यक्रम संपायच्या बेतात होता, संगीत पुन्हा चढत होतं. लाकूड तिच्या हाताखाली मांजरासारखं गुरगुरत होतं.

अक-तेरेकचं हे स्टेशन सुलतानअलीने उभं केलं होतं. मॉस्कोपासून देश वेगळा झाला, गावातला यंत्रांचा कारखाना बंद पडला आणि त्याच हिवाळ्यात मॉस्कोची वाहिनीही दिसेनाशी झाली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. कारखान्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सुलतानअलीने मोडीतल्या भागांतून एक प्रक्षेपक जुळवला आणि बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या छपरावर खांब ठोकला. ताकद इतकी थोडी की नदीच्या वळणापलीकडे चित्र पोचत नसे. पण वळणाच्या अलीकडे ते आपलं होतं. पगाराविना राहिलेली झिपार तिथे बातम्या वाचू लागली: कोणाची गाय हरवली, कोणाकडे लग्न, दवाखान्यात दाताचे डॉक्टर कधी येणार. जे मॉस्कोने कधी सांगितलं नसतं ते सगळं. लोक म्हणत, "आपल्या टीव्हीवर सांगितलं," आणि तेवढ्यावर विषय संपे.

मग वीज जायला लागली. दिवसाआड अंधार. स्टेशन बंद पडायच्या बेतात असताना राजधानीहून तबीब शामशिदिन आला, डिझेलवर चालणारा जनित्र संच घेऊन. बदल्यात त्याला काही नको होतं. फक्त शुक्रवारी तासभर त्याची टेप लावायची. बघता बघता त्याच्या मुक्कामाच्या दाराशी लोकांनी आणलेल्या मेंढ्या बांधलेल्या दिसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी झिपार स्टुडिओत गेली तेव्हा सुलतानअली चहा ओतत होता.

"बाइके, शुक्रवारची टेप लावा." थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला बाइके म्हणायची.

"कशाला? घसा बरा झाला का?"

"लावा."

टेप फिरली. स्टुडिओतला स्पीकर तळहाताएवढा, त्यातून संगीत पातळ, चिरकं येत होतं. तबीबाने हात उचलले आणि आवाज मोजणारा काटा एकदम उजवीकडे आपटून तिथेच थरथरत राहिला. कानाला तर काहीच वाढलेलं जाणवलं नाही.

"हे काय आहे?" झिपारने विचारलं.

सुलतानअलीने चहाचा पेला खाली ठेवला. "जाड आवाज. अगदी खालच्या पट्टीतला. संगीताखाली दडवलाय. आपल्या या डबीतून तो निघतच नाही."

"आणि घरातल्या मोठ्या लाकडी टीव्हीतून?"

"निघतो. लाकूडही हलतं."

"आणि लाकडावरचं पाणी?"

त्याने टेप थांबवली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"काटा दिसत होता," तो हळूच म्हणाला. "शामशिदिन म्हणाला होता, या जागी आवाज चढवत जा. मी चढवला. विचारलं नाही. झिपार, जनित्र नेलं असतं त्याने. स्टेशन गेलं असतं. लोक पाणी पितात, त्यात कोणाचं काय बिघडतंय, असं वाटलं मला."

"बुरुलने इंजेक्शन बंद केलंय."

सुलतानअलीचा चेहरा उतरला. तो काही बोलणार तोच जिन्यावरून कोणीतरी झिपारला हाका मारत आलं. बुरुल चुलीपाशी कोसळली होती.

दवाखान्यात डॉक्टर कालीक स्वतः सुई टोचत होते. बुरुलचा श्वास खोल आणि जड चालला होता, तोंडाला सडक्या सफरचंदासारखा वास येत होता. "आज संध्याकाळपर्यंत घरीच ठेवली असती तर तुम्हाला कबर खणावी लागली असती," ते म्हणाले. "अजूनही काही सांगता येत नाही." मग बाहेर येऊन त्यांनी कपाळ पुसलं. "दोन महिने झाले, माझ्याकडे पेशंट कमी येतात. मी मूर्ख, मला वाटलं हवा सुधारली."

तो आठवडा झिपारने दवाखाना आणि स्टुडिओ यांच्यामध्ये काढला. बुरुल तिसऱ्या दिवसापासून डोळे उघडून पुन्हा मिटायची, माणसं ओळखायची नाही. सुलतानअली रोज दवाखान्याच्या दाराशी येऊन उभा राहायचा. शुक्रवार जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "टेप लावायची नाही, एवढंच ना? नाही लावत."

"लावायची," झिपार म्हणाली. "नुसतं बंद केलं तर लोक म्हणतील, यांनी बरकत अडवली. वाडगे ठेवायलाच सांगायचं."

शुक्रवारी ती पडद्यावर आली. "नेहमीसारखे वाडगे ठेवा," ती म्हणाली. "आज पाण्याकडे नीट लक्ष द्या."

तबीब आला. तोच झगा, तीच लहर, तेच संगीत. हात वर गेले. सुलतानअलीने फक्त जाड आवाजाचं बटण शून्यावर फिरवलं होतं. गावभर वाडग्यांतलं पाणी तसंच निवांत राहिलं.

मग तबीबाचं चित्र गेलं आणि नाट्यगृहाच्या फाटकाला बांधलेला एक बोकड दिसू लागला. तो काटेरी झुडूप चघळत होता. टेपचा तोच तुकडा पुन्हा लागला, या वेळी बटण पूर्ण उघडं. बोकड रवंथ करत राहिला आणि घरोघरी पाणी थरथरलं.

"आता वाडगा खिडकीत ठेवा," झिपारचा आवाज आला. "आम्ही तेच पुन्हा लावतो. आणि हात टीव्हीच्या खोक्यावर ठेवा."

या वेळी खिडकीतलं पाणी हललं नाही, तळव्याखालचं लाकूड मात्र गुरगुरलं. स्टुडिओतला टेलिफोन वाजायला लागला तो थांबेना. पण कोणी तो उचलण्याआधीच जिना वाजला. तबीब शामशिदिन दोन माणसांना घेऊन वर आला होता, चेहरा लालबुंद. सुलतानअलीने दार उघडलं, दोघांना बाहेर ठेवलं आणि तबीबाला आत घेतलं. कॅमेरा चालूच होता.

"बसा, तबीबसाहेब," झिपार म्हणाली.  "इथे वाडगा आहे. संगीत नाही. पाणी हलवून दाखवा. सगळं गाव बघतंय."

तबीबाला तेव्हा उमगलं की तो पडद्यावर आहे. त्याने झगा सारखा केला, आवाज मऊ केला. "पोरी, मी रागावत नाही. अज्ञानावर काय रागवायचं?" त्याने हात उचलले. डोळे मिटले. ओठ हलवले. अंगठ्या चमकल्या. पाणी आरशासारखं पडून राहिलं. "इथे तारा फार आहेत," तो शेवटी म्हणाला. "लोखंड लहरी शोषून घेतं."

"दर शुक्रवारी तर त्या याच तारांमधून जात होत्या," सुलतानअली कोपऱ्यातून म्हणाला.

तबीबाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "जनित्र माझं आहे, विसरू नकोस."

"खाली ठेवलंय. घेऊन जा."

तबीब दाराशी थांबला. "लोक मला नाही, तुम्हाला दगड मारतील," तो झिपारला म्हणाला, आणि हेही सगळ्या गावाने ऐकलं.

झिपारने काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण तिला ते आठवेना. ती म्हणाली, "माझी बहीण दवाखान्यात आहे. ती हे पाणी प्यायली आणि तिने इंजेक्शन बंद केलं. पाण्याने तिचं काही बिघडवलं नाही. औषध सोडल्याने बिघडलं. आमच्या स्टेशनने ही टेप दाखवली, म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात. तो दोष आमचा. ज्यांनी औषध थांबवलंय त्यांनी उद्या सकाळी डॉक्टर कालीकांकडे या. कोणी विचारणार नाही, कोणी हसणार नाही." तेवढ्यात कोणीतरी खाली जनित्र बंद केलं आणि पडदा काळा झाला.

स्टुडिओच्या खिडकीच्या दोन काचा त्या रात्री दगडांनी फुटल्या. उमसुन-आपाने रस्त्यात झिपारला बघून तोंड फिरवलं. "गुडघा दुखायचा थांबला होता माझा," ती म्हणाली. "तो आता पुन्हा दुखतोय. तुला काय मिळालं?" झिपारने तिचा हात धरायला बघितलं, तिने धरू दिला नाही.

पण सकाळी दवाखान्याच्या फाटकापर्यंत रांग लागली होती. झिपार खिडकीतून बघत राहिली. रक्तदाबाच्या गोळ्या सोडलेली माणसं, क्षयाचं औषध अर्ध्यावर टाकलेला एक गवंडी, आपल्या लेकीला फिट्सचं औषध न देणारी आई. माना खाली, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. डॉक्टर कालीक तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "एवढे?" ते म्हणाले. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. वरच्या आळीतला एक म्हातारा मेंढपाळ रांगेत नव्हता. हृदयाच्या गोळ्या सोडून तो आदल्याच आठवड्यात गेला होता आणि वय झालं होतं असं म्हणत लोकांनी त्याला पुरलं होतं.

बुरुल पुढच्या आठवड्यात उठून बसली. डाव्या डोळ्याने तिला धूसर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, कदाचित तेवढंच राहील. झिपार तिला मांसाचा रस्सा चमच्याने पाजत होती. बाहेर लोकांनी काय काय सांगितलं ते सगळं बुरुलच्या कानावर आलं होतं.

"सगळे म्हणतात मी खुळी," ती म्हणाली. "पण पाणी हललं होतं ना?"

"हललं होतं, एजे. मीही पाहिलं."

"मग मी खुळी कशी?"

"खुळी नाहीस. जे दिसलं ते खरंच होतं. पण का हललं, हे तू मला विचारलंस, त्याला विचारलं नाहीस. मीही त्याला विचारलं नाही. सुलतानअलीनेही नाही. पाणी हललं म्हणजे रोग गेला, ही उडी आपणच मारली. त्याने फक्त हात वर केले."

बुरुलने रश्श्याचा चमचा बाजूला सारला. "विचारलं असतं तर तो रागावला असता."

"रागावू द्यायचं त्याला. ज्याला खरंच काही येतं तो प्रश्नाला रागावत नाही. डॉक्टर रागावतात का तुझ्या प्रश्नांना?"

"वैतागतात," बुरुल म्हणाली.

"पण उत्तर देतात."

बुरुलने दंड पुढे केला. झिपारने भरलेली सिरिंज उजेडात धरून तिला दाखवली, आतलं औषध किती आणि का तेवढंच हे सांगितलं, आणि मग सुई टोचली.