सुनेत्राचा पहिला व्यवहार

पुण्यात सुनेत्राने नऊ वर्षं घरांचे व्यवहार केले होते. नवऱ्याला, जयंतला, जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या केमिकल कंपनीत नोकरी लागली आणि कोथरूडचं ऑफिस बंद करून ती त्याच्याबरोबर आली. तीन वर्षांत तिने जर्मन पक्की केली आणि घरांच्या दलालीच्या, म्हणजे इथल्या भाषेत माक्लरच्या, परवान्यासाठी अर्ज दिला. "भारतातला अनुभव इथे धरत नाहीत हं," कचेरीच्या खिडकीतल्या बाई सौम्यपणे म्हणाल्या.

"धरू नका. फॉर्म द्या," सुनेत्रा म्हणाली.

दोन हजार सहाच्या वसंतात परवाना मिळाला आणि सप्टेंबरात इथला पहिला व्यवहार ठरला. फ्राऊ केसलर नावाच्या विधवा बाई शहराच्या ओगर्सहाइम भागातलं घर विकत होत्या. घेणारे होते सत्यजित आणि त्याची बायको सुकन्या. सत्यजित जयंतच्याच कंपनीत इंजिनियर होता.

सह्या नोटारसमोर, म्हणजे सरकारने नेमलेल्या वकिलासमोर, व्हायच्या होत्या. इथे नोटार अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो आणि मगच सह्या होतात. सत्यजितला ते माहीत नव्हतं. तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता.

"किल्ली आजच मिळेल ना, ताई?"

"नाही रे. पैसे पोचल्यावर. आज फक्त ऐकायचं."

नोटार भराभर वाचू लागला. सत्यजित मान डोलावत होता. फ्राऊ केसलर खिडकीबाहेर बघत होत्या. सुनेत्रा मात्र पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या मसुद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून बघत होती. तो मसुदा तिने जमिनीच्या नोंदींशी स्वतः पडताळला होता. पुण्यात ती सातबारा बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला घर दाखवत नसे.

तिचं बोट थांबलं.

"एक मिनिट, नोटारसाहेब. गराज राहिलं."

"ताई, असू द्या," सत्यजित ओशाळून कुजबुजला. "मधेच कशाला?"

"मधेच बोलायचं म्हणूनच वाचतात, सत्यजित."

तिने मसुदा पुढे सरकवला. गाडी ठेवायच्या गराजची जागा घरापासून वेगळी होती, तिचा नोंदणी क्रमांकही वेगळा. ताबा देण्याची तारीख बदलून करार नव्याने छापताना नेमकी तीच ओळ गळली होती. नोटारने दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढला.

"तुमचं बरोबर आहे." त्याने समासात ती ओळ हाताने लिहिली, पुन्हा मोठ्याने वाचली. सह्या झाल्यावर त्याने विचारलं, "किती वर्षं करताय हे काम?"

"दहा," सुनेत्रा म्हणाली. पुण्याची नऊ तिने धरली होती. बोलताना तिची मान ताठ झाली होती.

बाहेर सुकन्याने पहिला पेढा सुनेत्राच्या हातावर ठेवला, दुसरा फ्राऊ केसलरना दिला. "माझ्या नवऱ्याने ते गराज स्वतः बांधलं होतं," म्हाताऱ्या बाई डोळे टिपत म्हणाल्या. "ते सुटलं असतं, तर त्याला आवडलं नसतं."

नोव्हेंबरात किल्ली मिळाली. वास्तुशांतीला फ्राऊ केसलरही आल्या. दारात जयंत लोकांचे कोट घेत उभा होता. बाईंनी त्याला विचारलं, "आल्झो, म्हणजे तुम्ही आमच्या माक्लरबाईंचे मिस्टर का?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," जयंत म्हणाला, आणि सुनेत्राला ऐकू जावं म्हणून पुन्हा जरा मोठ्याने म्हणाला.