शिट्टी झाल्यावरच मला बोलवा

मी एक शिडी बोलतेय. लाकडाची, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या हार्लन क्रीक विद्यापीठाची.

माझ्या जन्माआधी इथली पोरं चर्चच्या तळघरात बास्केटबॉल खेळायची. छत इतकं बुटकं, की चेंडू उंच फेकला की डोक्यावर पोपडे पडत. मग विटांची जिम झाली आणि बल्ब बदलायला मला बनवलं. खरा मान वेगळाच होता. लीग जिंकली की एकेका खेळाडूनं शिडी चढायची आणि बास्केटच्या जाळीचा एकेक धागा कापायचा, शेवटचा कोचनं. अशी इकडची रीत. पण पोरं काही लीग जिंकेनात, मी आपली बल्ब बदलत राहिले.

मुलींना जिम मिळाली ती फार उशिरा, तीही पहाटे, मुलगे उठायच्या आत. त्यांच्यातली एक लोरीन. तिच्या शेवटच्या वर्षी मुली फायनलला पोचल्या, जिंकतच आल्या होत्या. क्रीडासंचालक गुडरिच यांना कुठला दम निघतोय! त्यांनी मला आधीच मैदानाच्या कडेला आणून उभं केलं.

"अहो, ती शिडी आत न्या! खेळ संपायचाय अजून!" लोरीन ओरडली.

"आता काय हरताय थोड्याच!"

हरल्या. एका गुणानं. गावानं गुडरिचना सोडलं आणि मला पनवती ठरवलं. माझी रवानगी अडगळीत झाली. फार लागलं मला ते.

लोरीन पुढे इथलीच कोच झाली. तिच्या मुली बघायला इतकी गर्दी होऊ लागली की जिम पुरेना. नवं भलंमोठं स्टेडियम उभं राहिलं. तिथं कळ दाबली की बास्केटच खाली येते. म्हणजे माझा विषयच संपला.

निवृत्तीच्या वर्षी लोरीनच्या मुलींनी लीग जिंकली. कुणीतरी कळ दाबायला धावलं.

"हात लावशील तर याद राख! मी चढून कापणार. जुन्या जिममधली शिडी आणा."

"कोच, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत ना? मग आण."

दोघी पोरी मला बर्फातून उचलून घेऊन आल्या. तोवर एक माणूस जागचा हलला नव्हता. लोरीन चढली. तिचे गुडघे कुरकुरले, मीही कुरकुरले. शेवटचा धागा कापला, तरी ती वरच.

"कोच, उतरा ना आता!"

"थांबा गं जरा. फार वर्षं लागली इथं यायला."

डोळे पुसून होईपर्यंत ती वरच होती. मी तसूभरही हलले नाही.

नव्या संचालकांनी माझा सन्मान करायचं ठरवलं. मैदानाला लागूनच काचेची पेटी, वर दिवा, खाली पितळी पाटी. तेव्हापासून मुली एक मॅच जिंकतील तर शपथ!

लोरीन पहिल्या रांगेत पॉपकॉर्न घेऊन बसते आणि दर वेळी ओरडते, "अरे, खेळ चालू असताना ही बया इथं काय करतेय?" संचालक हसून हात हलवतात.

वाचकहो, तिथं कुणाची ओळख असेल तर एवढं सांगा. मला पाटी नको, दिवाही नको. परत अडगळीत टाका. जिंकलात की हाक मारा, मी येईन.