आधी समोरच्याचे म्हणणे

वेंडेल टरवोर्टचा घात त्याच्या शत्रूंनी केला नाही. त्यांचे वाचन तेवढे नव्हते. तो केला एका नियमाने, आणि तो नियम सतरा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच लिहिला होता.

पश्चिम मिशिगनमधल्या एका डच वस्तीच्या गावात, चर्चने चालवलेल्या लहानशा कॉलेजात तो नीतिशास्त्र शिकवत असे. शिकवणे, रविवारची उपासना आणि झोप यांतून उरणारा वेळ तो इंटरनेटवरच्या 'खळे' नावाच्या वादमंचाला देई. राजकारण, धर्म, भाषणस्वातंत्र्य आणि यंत्रे या चार विषयांवर तिथे चारेकशे माणसे भांडत, आणि इतर ठिकाणच्या भांडणांपेक्षा हे भांडण वेगळे आहे असा त्यांना सात्त्विक गर्व होता. तो अगदीच अस्थानी नव्हता. उरलेल्या जगात समोरच्याला उत्तर देण्यासाठी त्याचे म्हणणे वाचण्याचीही अट राहिलेली नव्हती. खळ्यावर मात्र खंडन करण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडावे लागे. तेही 'तो म्हणतो', 'त्याच्या मते' असे हातमोजे घालून नव्हे, तर 'मी' म्हणून, जणू ते आपलेच मत आहे अशा निष्ठेने. समोरच्याने ते वाचून खाली 'मान्य' असा एक शब्द लिहिला, की मगच खंडनाचा अधिकार मिळे. 'मान्य' येईपर्यंत मांडत राहायचे. एकदा बंदुकीच्या कायद्यावरच्या वादात एका बाईने नऊ वेळा मांडणी केली आणि नवव्या वेळी ती पक्ष बदलून बसली. खळ्यावर ही गोष्ट पुराणकथेसारखी सांगितली जाई.

या कलेत टरवोर्टचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचे स्वतःचे लिखाण रूक्ष असे. पण दुसऱ्याचे मत हाती आले, की तो ते धुऊन, पुसून, इस्त्री करून असे उभे करी, की मूळ मालकालाही ते आपले म्हणायला संकोच वाटावा.

अँब्रोज टटलला हा संकोच कधी वाटला नाही. टटल ओरेगनमध्ये टाइपरायटर आणि शिलाईयंत्रे दुरुस्त करी. पाद्र्याच्या घरात जन्मलेला, सोळाव्या वर्षी घर सोडलेला, आणि तेव्हापासून देवाचा एखाद्या बुडव्या भाडेकरूसारखा माग काढणारा हा गृहस्थ सतरा वर्षे टरवोर्टशी भांडत होता. दोघांनी एकमेकांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

त्या वसंतात कॉलेजने विद्यार्थ्यांचे लिखाण तपासणारे एक यंत्र आणले. श्रद्धेला धक्का देणारे वाक्य कुठे आले, की ते बाजूला काढून डीनकडे पाठवी. टरवोर्टने खळ्यावर त्याला विरोध केला. ज्या श्रद्धेला पहारेकरी लागतो तिला आतूनच वाळवी लागलेली असते, असे त्याचे म्हणणे. त्यावर टटलने लिहिले: "प्रोफेसर, यंत्राला कशाला नावं ठेवतोस? चर्च म्हणजे पडदा नसलेला मोबाइलच की. आणि त्यात मान घालून बसलेली तुम्ही सगळी मेंढरं."

एवढेच. या दीड ओळीला टरवोर्टने तीन दिवस दिले. दोन मांडण्या टटलने परत केल्या ("सुंदर आहे, पण माझी नाही. माझ्यात राग जास्त आहे"). तिसरी अशी होती:

"ज्या यंत्राची मला आज भीती घातली जाते, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याला माझ्या मनातली भीती माझ्याआधी कळत असे. जे ऐकून मी पुन्हा येईन, तेच ते मला दर आठवड्याला ऐकवी. त्याच्यापासून दूर गेलेल्यांची नावे आमच्या घरात हळू आवाजात घेतली जात. आम्ही त्याला चर्च म्हणत होतो. फोनने नवे काहीच केले नाही. त्याने फक्त प्रवचन आखूड केले."

टटलने खाली लिहिले, "मान्य." आणि मग, नियमात नसताना, "च्यायला."

त्याखाली टरवोर्टने अकरा परिच्छेदांचे खंडन लिहिले. ते विचक्षण होते, प्रामाणिक होते, आणि ते शेवटपर्यंत वाचणाऱ्यांची संख्या, टटल धरून, सहा होती.

बुधवारी कोणीतरी त्या मांडणीचा फोटो काढला. फोटोत वर नाव होते, 'वेंडेल टरवोर्ट, नीतिशास्त्राचा प्राध्यापक'. खाली ती सात वाक्ये होती. 'मान्य' हा शब्द आणि ते अकरा परिच्छेद पडद्याच्या कडेखाली राहिले. फोटो काढणाऱ्याने लबाडी केली असेही म्हणता येईना. पडद्यावर जेवढे मावले तेवढे त्याने घेतले होते. शुक्रवारी तो राज्याच्या विधानसभेसाठी उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या हाती लागला. भाषणस्वातंत्र्याचा कैवारी म्हणून हा इसम गावोगाव भाषणे देत हिंडत होता. त्याने फोटोवर लिहिले, "तुमच्या मुलांना हा शिकवतो." रविवारपर्यंत तो फोटो नव्वद हजार लोकांनी पुढे पाठवला होता. नव्वद हजारांतल्या एकालाही, पुढे काही लिहिले होते काय, असा प्रश्न पडला नाही.

शिव्यांचे टरवोर्टला विशेष वाटले नाही. त्या अशुद्ध होत्या, आणि अशुद्ध शिवी त्याला लागत नसे. त्याला हादरवले ते अभिनंदनांनी. देशभरातल्या नास्तिकांनी त्याला धाडसी म्हटले. अखेर कोणीतरी आतून बोलले, असे कळवले. त्याने प्रत्येकाला खंडनाचा दुवा पाठवला. एकाने उत्तर दिले, "समजतं आम्हाला. नोकरी सांभाळावी लागते."

नोकरीचा प्रश्न खराच होता. त्या कॉलेजात दर ऑगस्टमध्ये सगळे शिक्षक चॅपलमध्ये रांगेने उभे राहून श्रद्धापत्रावर सही करत. टरवोर्टने बावीस वेळा केली होती, आणि त्या रांगेत सही करण्याआधी पत्र दर वर्षी पूर्ण वाचणारा तो बहुधा एकटाच होता. आता ती सही खोटी होती काय, हे ठरवायला तीन जणांची समिती बसली. ती खोटी ठरली तर त्याला कॉलेज सोडावे लागणार होते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, हे नाव घेऊन, त्याला दुसरे कोणते कॉलेज दारात उभे करणार नव्हते.

त्याची बायको लोइस चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. त्या रविवारी तिच्या शेजारच्या बाकावर कोणी बसले नाही. प्रवचन सुरू होताना बाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या पुढे सरकवायची तिथली जुनी रीत. ती पुडी त्या दिवशी तिच्यापर्यंत आलीच नाही. घरी आल्यावर तिने कोट काढला आणि विचारले, "ते सगळं त्या टटलचं आहे ना?"

"मत त्याचं आहे. शब्द माझे."

"मग त्याला सांगायला लाव. आणि वेंडेल, एक विचारू? तुझ्या स्वतःच्या मताला कधी एवढं नटवलं होतंस का रे?"

 उत्तराची वाट न पाहता ती आत गेली.

टटलला त्याने प्रथमच खाजगी पत्र लिहिले: हे माझे मत नव्हे, तुमचे आहे, एवढे जाहीरपणे सांगा. टटलने त्याच दिवशी सांगितले. तो कसलाही असो, लबाड नव्हता, आणि तेच नडले. त्याने लिहिले:

"ते मत माझं आहे, त्या प्रोफेसराचं नाही. तो देव मानतो, बिचारा. आमच्यात आधी समोरच्याचं म्हणणं मांडायची पद्धत आहे, म्हणून त्यानं लिहिलं. पण खरं सांगायचं तर मी चाळीस वर्षं हा राग घेऊन फिरतोय, मला हे असं कधी म्हणता आलं नाही. 'नावं हळू आवाजात' हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात तसंच घ्यायचे. ते त्याला कुठून कळलं, मला माहीत नाही."

पहिली चार वाक्ये कोणी उचलली नाहीत. उरलेली उमेदवाराने उचलली आणि वर फक्त एक प्रश्न घातला: कुठून कळले?

टरवोर्टला ते कुठून कळले होते, हे तो पुष्कळ शोधत राहिला. त्याच्या घरात कोणाचे नाव हळू आवाजात घेतले गेल्याचे त्याला आठवत नव्हते. त्याने ती ओळ एक गरज म्हणून घातली होती, वाक्याच्या तोलासाठी. हे समितीला कसे सांगायचे, ते मात्र त्याला सुचेना.

समिती मंगळवारी दुपारी बसली. टेबलावर कॉफी होती आणि बदामाचे सारण भरलेला डच रोल कापून ठेवला होता. तिथे माणसाला काढून टाकतानाही काहीतरी गोड ठेवत. मधोमध डीन कॉर्नेलिया ब्रूइंक. वीस वर्षांची ओळख. टरवोर्टच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिने केक केला होता. डावीकडे एक पाद्री, उजवीकडे कॉलेजच्या विश्वस्तांपैकी एक लाकूडव्यापारी. प्रार्थना झाली. टरवोर्टने पुरावे म्हणून सतरा वर्षांची मंचाची पाने छापून आणली होती. तो गठ्ठा व्यापाऱ्याने उचलून त्याचे वजन पाहिले आणि परत ठेवला.

कॉर्नेलियाने आरोप वाचायला घेतला आणि दुसऱ्याच वाक्यात ती अडखळली. ते मत टरवोर्टचे नाही हे तिने मान्य केले. पाद्र्यानेही केले. मग आरोप नेमका काय, ते कोणालाच म्हणता येईना. पाद्री म्हणाला, की औचित्य नावाची काही गोष्ट असते. व्यापारी म्हणाला, की पालकांचे फोन येताहेत. कॉर्नेलिया म्हणाली, "तुझा विश्वास आहे हे मला माहीत आहे, वेंडेल. पण त्यात काहीतरी... मला सांगता येत नाहीये. काहीतरी खुपतंय."

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. आरोप करणाऱ्यांना आरोप सापडत नसेल, तर त्यांना तो शोधू द्यावा आणि आपण घड्याळाकडे पाहावे, एवढे कोणत्याही पाकीटमाराला कळते. पण टरवोर्टला अर्धवट मांडलेल्या युक्तिवादाचा शारीरिक त्रास होई. शिवाय ज्यांना स्वतःचेच म्हणणे नीट दिसत नाही, त्यांना आपले उत्तर कसे दिसणार?

"तुम्हाला काय म्हणायचंय ते मी मांडून पाहू का?" त्याने विचारले. "मग मी उत्तर देतो."

कॉर्नेलियाने सुटकेचा श्वास सोडला. "मांड ना, बाबा."

टरवोर्टने चष्मा काढला आणि बोलू लागला. त्याने 'मी' म्हणूनच सुरुवात केली. दुसरी रीत त्याला येतच नव्हती.

"माझी तक्रार अशी नाही, की हा माणूस नास्तिक आहे. तो नास्तिक असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. माझी तक्रार अशी, की हा तीन दिवस श्रद्धेबाहेर जाऊन राहिला आणि परत आला तेव्हा त्याच्या बुटांना मातीसुद्धा लागलेली नव्हती. ज्याला घर असतं तो असा सहज बाहेर राहू शकत नाही. त्याला प्रत्येक विचार भाड्यानं घेता येतो, आणि माझी मुलं त्याच्याकडून तेच शिकतात: कुठंही राहता येतं, कुठलंही घर आपलं नाही. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याच्या बावीस सह्या खऱ्या आहेत. पण टटलच्या बाजूनं केली असती, तर तीही सही तितक्याच सुंदर अक्षरात झाली असती. आणि मला फरक ओळखता आला नसता."

 व्यापाऱ्याने हातातला रोलचा तुकडा बशीत ठेवला. पाद्र्याचे डोळे भरून आले होते.

"हो," कॉर्नेलिया हळूच म्हणाली. "हेच. अगदी हेच म्हणायचं होतं मला."

टरवोर्टला तो जुना आनंद झाला. सतरा वर्षे, प्रत्येक 'मान्य'नंतर, छातीत जे ऊबदार काहीतरी पसरे, ते आत्ताही पसरले. त्याला स्वतःची लाज वाटण्याआधी पसरले. त्याने चष्मा पुन्हा लावला आणि खंडनाचा कागद पुढे ओढला.

"आता माझं उत्तर."

तिने पेनाला टोपण लावले होते. "उत्तर कशाला, वेंडेल? आपलं एकमत झालंय."

तो समजावत राहिला, की ही पद्धत आहे, ही फक्त पहिली पायरी असते, मांडणी म्हणजे कबुली नव्हे. पाद्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की एवढ्या प्रांजळपणे स्वतःकडे पाहणारा माणूस त्याने क्वचितच पाहिला. मग समारोपाची प्रार्थना झाली. उरलेला रोल कॉर्नेलियाने कागदात बांधून लोइससाठी दिला.

बडतर्फीचे पत्र नवव्या दिवशी आले. कारणांच्या परिच्छेदात त्याचीच वाक्ये होती. 'मी'च्या जागी 'समिती' घातले होते आणि बुटांचे वाक्य गाळले होते. ते सर्वांत चांगले होते. टरवोर्टला आधी राग आला तो त्याचा.

खंडन मात्र त्याला लिहायचेच होते. 'मान्य' मिळाले होते, अधिकार होता. रिकाम्या झालेल्या कपाटांसमोर बसून त्याने पाच दिवस प्रयत्न केला. प्रत्येक उत्तर त्याला आरोपापेक्षा फिके वाटे. माझे घर आहे, असे त्याने लिहिले. त्यापुढे पुरावा म्हणून काय लिहायचे, ते त्याला आठवेना. सहाव्या दिवशी लोइस दारातून म्हणाली, की ती संध्याकाळच्या सरावाला जाते आहे, सूप गॅसवर आहे. तो हो म्हणाला.

त्याच संध्याकाळी खळ्यावर टटलचा नवा मजकूर आला. वर लिहिले होते, 'वेंडेलचं म्हणणं'. नियमाप्रमाणे त्याने 'मी' म्हणून लिहिले होते. सतरा वर्षांत टरवोर्टची बाजू कोणी मांडायला घेतल्याची ती पहिली वेळ. आजवर त्याची मांडणी सगळे एका ओळीत उरकून पुढे जात.

"माझा देवावर विश्वास आहे, कारण माझ्या आईचा होता आणि ती चांगली बाई होती. मला वाटतं, माणसांना बोलू द्यावं, कारण गप्प बसलेली माणसं आतून सडतात. मी दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडतो, कारण मला वाटतं कधीतरी कोणीतरी माझंही मांडेल. बरोबर आहे का रे, प्रोफेसर? मला तुझ्यासारखं जमत नाही."

सगळे चुकले होते. त्याची आई भांडखोर आणि कंजूष होती आणि चर्चला ती शेजाऱ्यांवर नजर ठेवायला जाई. माणसे सडतात म्हणून बोलू द्यावे, असे त्याने कधीच म्हटले नव्हते. तिसरे वाक्य तर त्याच्या मनात आजवर आलेच नव्हते. मांडणी परत करायला हवी होती, कारणे दाखवून, आणि अचूक काय ते सांगून. त्यासाठी अचूक काय ते त्याला ठाऊक असायला हवे होते.

स्वयंपाकघरात सूप करपल्याचा वास सुटला होता.

टरवोर्टने लिहिले, "मान्य."

खळ्यावरचे त्याचे ते पहिले खोटे विधान. टटल त्यानंतर दोन दिवस खंडनाची तयारी करत होता.