चहाचा डाग

मर्विनने पट्टीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि समुद्राकडे बघत चव घेतली.

"साखर नाही," तो म्हणाला.

"आता या वयात काय काय चाटणार आहेस, मर्व्ह?" त्याची सहकारी लॉरेन हिने थर्मास खडकावर टेकवला.

न्यूकॅसलच्या त्या खडकावर स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या खाऱ्या वाऱ्यात टांगून ठेवलेल्या होत्या. एकीवर मर्विनने घडवलेला, गंज रोखणारा सिरॅमिकचा थर होता. इतका पातळ, की दिसायचाच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीपायी त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि तिचं यश म्हणजे काहीच न घडणं. त्यामुळे हारतुऱ्यांचा प्रसंग कधी आला नाही. आज पट्टी स्वच्छ निघाली, तर बंदराच्या नव्या कठड्यांना त्याचा थर लागणार होता. नाही तर थर भाजायची भट्टी भंगारात आणि मर्विन घरी.

त्याच पट्टीवर तपकिरी ओघळ होता. या किनाऱ्यावर स्टेनलेस असं तांबूस पडलं, की त्याला 'चहाचा डाग' म्हणतात. गंज म्हटलं की बनवणारे दुखावतात.

"खराच चहा असेल," लॉरेन म्हणाली. "मागच्या खेपेला माझा कप इथेच कलंडला होता."

"तू चहात दोन पुड्या साखर घालतेस."

"सोडली. ईस्टरपासून."

मर्विनने तिच्याकडे पाहिलं. सकाळी गाडीत फोडलेल्या दोन पुड्यांचे कागद तिच्या कोटाच्या खिशातून डोकावत होते. चहा असेल तर पुसला जाईल म्हणून त्याने रुमाल ओला केला, डागापर्यंत नेला, आणि तसाच घडी करून परत ठेवला.

लॉरेनचा फोन वाजला. ऑफिसातून साहेब, ब्रेट.

"काय गं, कशी निघाली पट्टी?"

तिने फोनवर हात धरला.

"सांग," मर्विन म्हणाला. "चहाचा डाग आहे म्हणावं."

"कुठल्या चहाचा, असं विचारेल."

"नाही विचारणार."

तिने सांगितलं. ब्रेटने विचारलं नाही. फक्त "बरं" म्हणाला.

दोघं खडकावर बसले. लॉरेनने दोन कप भरले. तिचा हात सवयीने साखरेच्या पुडीकडे गेला, आणि अर्ध्यातून मागे आला. तिने बिनसाखरेचाच घोट घेतला.

"कसा झालाय?" मर्विनने विचारलं.

"छान."

"तोंड बघ तुझं."

"वारा आहे," ती म्हणाली, आणि कप संपवला.