भोंग्यातली ताई

“आली बाई ती घाण! खिडकी लाव आधी.”

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई नाकाला रुमाल लावून ओरडल्या आणि खाली कचरागाडीच्या चालकाने दातओठ खाल्ले. गाडीत घाण होती हे काय त्याला ठाऊक नव्हतं? बावीस वर्षं तो तीच वाहत होता. पण बाईंनी खिडकी लावली ती वास यायच्याही आधी, नुसता आवाज ऐकून. आणि भोंग्यातला तो आवाज त्याच्या ताईचा होता.

चूक त्याचीच. जुन्या कर्कश हॉर्नच्या तक्रारी आल्या तेव्हा मुकादमाने विचारलं होतं, “कुणाकडे एखादं बरंसं गाणं आहे का रे?” हा हौशी माणूस लगेच पुढे सरसावला. लहानपणी आई दिवसभर कामावर असायची. आठ वर्षांची ताई या तीन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन फिरायची आणि तिनेच जुळवलेलं गाणं म्हणायची, ‘होडी आली, होडी आली, पिवळं तिचं शीड.’ त्याशिवाय हा पठ्ठ्या घास गिळायचा नाही. आयुष्यात आवडलेलं पहिलं गाणं ते. म्हाताऱ्या ताईला त्याने मोबाइलपुढे बसवलं. तिने तीनदा घसा खाकरला आणि लाजत लाजत गायली. पहिल्या दिवशी तर त्याला रस्ताभर भरून येत होतं.

त्याला आता दोन वर्षं झाली. होडी आली की नासलेलं दूध, माशांची आतडी, बाळांचे लंगोट आणि वर घोंगावणाऱ्या माश्या. गाडीखालून काळं पाणी ठिबकायचं आणि वर ताई आपली गोड गळ्याने गातेय. शी! त्याला लोकांची किळस यायची, कधीकधी स्वतःचीही. मुकादमाला त्याने दोनदा सांगून पाहिलं.

“साहेब, बदला ना ते गाणं.”

“वेड लागलंय का तुला? कचरा आला हे लोकांना बरोबर कळतं. राहू दे.”

त्या रविवारी नात काही केल्या जेवेना. त्याने साबणाने दोनदा हात धुतले, तिला मांडीवर घेतलं. हे गाणं नातीला द्यायचं, असं कधीपासून मनात होतं. घास पुढे करून त्याने हळूच सुरू केलं, “होडी आली, होडी आली...”

नातीने दोन बोटांनी नाक दाबलं. “ईऽऽ! आजोबा, कचरा!”

ती टुणकन उतरली, स्वयंपाकघरात पळाली आणि कचऱ्याची बादली फरफटत घेऊन आली.

सून खो खो हसली. “बघा बाबा, किती हुशार आहे!”

“आहे खरी,” तो म्हणाला. हातातला घास त्याने परत ताटलीत ठेवला.

सोमवारी त्याने भोंग्याची वायर मुळापासून तोडली. मुकादम बोंबलला तर बोंबलू दे! चौकाचौकात गाडी थांबवून त्याने लोखंडी कांबेने पत्रा दणादण बडवला. खिडक्या धडाधड लागल्या. लागू देत. पत्र्याला काय त्याचं?

दुपारी नेहमीप्रमाणे ताईचा फोन आला.

“काय रे, वाजलं का आज माझं गाणं?”

“वाजलं की.”

“लोक ऐकतात ना?”

“तुझा आवाज आला की सगळे खिडकीशी येतात, ताई.” त्याने गाडीचं इंजिन बंद केलं. “मला एकदा म्हणून दाखव ना.”

“आत्ता? चल, काहीतरीच तुझं!”

पण पलीकडे तिने घसा खाकरलाच. तशी त्याने गाडीची काच घाईघाईने वर चढवून घेतली.