भूमिकाचा हात

मदर्स डे येतो मे महिन्यात, पण शाळेला तेव्हा सुट्टी. म्हणून त्या मोठ्या शाळेनं आईचं कौतुक मार्चमध्येच उरकायचं ठरवलं, आणि मुलांकडून मातीत हाताचे छाप करून घ्यायला कामठी रोडवर मडकी विकणाऱ्या तुळसाबाईला बोलावलं. असल्या चोचल्यांना तिनं एरवी हात जोडले असते. पण पहिली ब मध्ये तिची नात भूमिका होती. तीन वर्षांपूर्वी सासरच्यांनी लेकीला, प्रीतीला, घराबाहेर काढलं, पोर ठेवून घेतली आणि नवी सूनही आणली. तेव्हापासून पोरीचं तोंड पाहू दिलं नव्हतं.

"माय, तिचा हात तेवढा आणजो वं," निघताना प्रीती म्हणाली.

तुळसाबाईनं मुलं मोजून पस्तीस गोळे मळून नेले होते. वर्गाच्या बाईंनी नाव घेतलं आणि भूमिका समोर आली, तेव्हा म्हातारीनं तिचा हात धरून मातीवर ठेवला. पोरीनं तिला ओळखलं नाही, ओळखणार तरी कशी? छाप उमटला, तरी तुळसाबाईनं मनगट धरूनच ठेवलं.

"आजी, हात सोडा ना."

बाईंनी मागच्या बाजूला काडीनं आईचं नाव लिहायला सांगितलं. पोरीनं जीभ बाहेर काढून लिहिलं. तुळसाबाईला अक्षर येत नव्हतं, आणि विचारायची छाती झाली नाही. पण तिच्या वेड्या मनानं ठरवून टाकलं, की पोरगी आईला विसरलेली नाही.

"अजून एक कर वं, बाळा. हा नीट नाही आला," ती खोटं बोलली. मळलेला गोळा उरला नव्हता. बाई पाहत होत्या. तिनं पिशवीतल्या कच्च्या मातीचा तुकडा तोडला, थापला आणि पोरीचा हात त्यावर दाबला.

आठवडाभर छाप सावलीत सुकले, मग तिनं भट्टी लावली. पस्तीस छाप ठणठणीत निघाले. कच्च्या मातीचा तेवढा फुटला. न मळलेल्या मातीत हवा राहते, हे तिनं आयुष्यभर सगळ्यांना शिव्या देऊन शिकवलं होतं. लोकांची मडकी भाजण्यात जन्म गेला आणि लेकीची एक वस्तू तिला धड भाजता आली नाही! तिनं कपाळ बडवून घेतलं.

मग खूण करून ठेवलेला भूमिकाचा शाळेचाच छाप तिनं प्रीतीपुढे धरला. "हाच ठेव. शाळेत सांगतो, फुटला म्हणून. मागं तुहं नाव लिहिलं पोरीनं."

प्रीतीनं त्या पंजावर आपला पंजा ठेवला. "एवढासाच काहून आहे वं? खायले देत नसतीन काय तिले?"

"माती सुकली का आटते, पोरी."

प्रीतीनं छाप उलटला. मागच्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं.

"काय लिहिलं?"

"नूपुर," प्रीती म्हणाली. "माझी मम्मी नूपुर."

म्हातारीच्या तोंडून त्या घरासाठी जी शिवी निघाली, ती अर्ध्या वस्तीनं ऐकली. प्रीतीनं मात्र छाप कागदात गुंडाळला आणि शाळेच्या टोपलीत इतरांसोबत ठेवला.

"नेऊन दे. नाही तं सगळ्या पोरांत ती एकटी खाली हातानं उभी राहीन."

मग ती भट्टीजवळ जाऊन बसली आणि गरम राख उकरू लागली. फुटलेल्या छापातली एक करंगळी तेवढी शाबूत सापडली. ती तिनं पदराच्या टोकाला बांधली आणि भाकरी टाकायला उठली.